खुंट्यांचा जीर्णोद्धार

कल्याणहून कर्जतच्या बाजूस जाणाऱ्या लोहमार्गावर पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. नावावरून परक्या माणसास वाटावे की येथे एखादे जुने देवालय आणि त्याभोवती चार घरांची वाडी असेल. प्रत्यक्षात स्थानकाबाहेर पाऊल टाकताच उल्हासनगरची दाट वस्ती सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने या माळावर सैन्यासाठी बराकी उठविल्या. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार टाकून आलेल्या हजारो कुटुंबांस त्याच बराकींत आसरा मिळाला. पुढे १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. या नगराच्या वाट्यास लौकिकाबरोबर थट्टाही पुष्कळ आली. येथे वाटेल त्या वस्तूची हुबेहूब नक्कल मिळते, आणि मालावरील ‘मेड इन यू. एस. ए.’ या अक्षरांचा खरा विग्रह ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद ठाणे जिल्ह्यात ज्याने ऐकला नाही असा मनुष्य विरळा.

नक्कल ही सर्वथा निंद्यच होय काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका अगदी लहानशा वस्तूच्या निमित्ताने करू इच्छितो. ती वस्तू म्हणजे जुन्या ध्वनियंत्रांची खुंटी. ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिवर्धक यांच्या दर्शनी बाजूस जी फिरविण्याची बटणे असतात, आणि त्या बटणांच्या मागे पेटीच्या पोटात जी योजना दडलेली असते, त्या दोहोंस मिळून कारागीर ‘कंट्रोल’ म्हणतात. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तशी ही पिळावयाची, म्हणून आम्ही तिला खुंटीच म्हणतो.

संगीताचा इतिहास लिहिणारे गायकाचे नाव लिहितात, फार तर तबकडीचा क्रमांक देतात. ती तबकडी ज्या यंत्रावर वाजली त्याच्या खुंटीचा उल्लेख कोणी करीत नाही. परंतु जो भाग रोज माणसाच्या हाताखाली येतो तोच सर्वांआधी झिजतो. देवळाच्या पायऱ्या झिजतात, कळस तसाच राहतो. यंत्राची पेटी, कर्णा, रोहित्र ही साठसत्तर वर्षे टिकून राहतात, आणि खुंटी मात्र बिघडून बसते. मग घरातील मंडळी ‘रेडिओ गेला’ असे म्हणून तो माळ्यावर टाकतात. म्हणून या खुंटीची हकीकत थोडी मुळापासून सांगणे अवश्य आहे.

एमिल बर्लिनर याने १८८७ साली ग्रामोफोनची कल्पना सिद्ध केली. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग याने कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, आणि १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. त्या काळच्या यंत्रास आवाज लहानमोठा करण्याची खुंटीच नव्हती. आवाज मोठा हवा असेल तर जाड सुई लावावी, हळू हवा असेल तर बारीक लावावी, एवढाच उपाय. १९०६ साली अमेरिकेत व्हिक्ट्रोला नावाचे यंत्र निघाले, त्यात कर्णा पेटीच्या पोटात गेला आणि पेटीची दारे उघडणे-मिटणे हा आवाज आवरण्याचा दुसरा मार्ग झाला. खरी खुंटी होती ती वेगाची. चावी दिलेली स्प्रिंग सुटताना प्रारंभी जोराने व शेवटी मंद सुटू पाहते. तिला एका चालीवर ठेवण्यासाठी गव्हर्नर नावाची योजना असते. तीन लहान वजने फिरता फिरता बाहेर फाकतात, त्यांच्याबरोबर एक चकती सरकते, आणि ती चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीवर घासून वेग आवरला जातो. वेगाची खुंटी ही गादी पुढेमागे करते.

ही गादी नखाएवढी असते. पण तिच्यावर केवढी गोष्ट अवलंबून आहे ते पाहा. ग्रामोफोनच्या आरंभीच्या काळातील सर्वच तबकड्या मिनिटास नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत; कित्येकींचा वेग कमी, कित्येकींचा अधिक आहे. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविली, तर पांढरी एकचा षड्ज जवळजवळ काळी एकवर जाऊन बसतो. गायकाचा आवाज आहे त्याहून पातळ वाटतो, लय आहे त्याहून चढी वाटते. गादी वाळून कडक झाली असेल तर वेग डळमळू लागतो आणि गायकाने जो कंप कधी घेतलाच नाही तो आपल्या कानी पडतो. अब्दुल करीमखाँ कोणत्या पट्टीत गात, बालगंधर्वांच्या तानेचा वेग किती, असे वाद तबकड्यांच्या आधारे घालणाऱ्यांनी आधी आपल्या यंत्राची गादी तपासलेली बरी. एका कवडीमोल नमद्याच्या तुकड्यापायी एखाद्या गवयाविषयी खोटी साक्ष नोंदली जाऊ शकते.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि खुंटीच्या इतिहासाचे दुसरे पर्व उघडले. विजेचा प्रवाह कमीअधिक करण्याची युक्ती त्याआधीच साधली होती. जर्मनीतील पोगेनडॉर्फने १८४१ साली विद्युद्दाब मापण्यासाठी एक उपकरण वर्णिले, आणि इंग्लंडातील व्हीट्स्टनने १८४३ साली प्रवाह आवरणाऱ्या साधनास ‘ऱ्हिओस्टॅट’ हे नाव दिले. प्रारंभीच्या रेडिओत दिव्याच्या तारेचा प्रवाहच कमी करून आवाज उतरवीत असत. नंतर आजही चालते ती रचना आली: कार्बनचा, घोड्याच्या नालासारखा वळलेला पट्टा, आणि त्यावरून फिरणारी धातूची जीभ. पट्ट्याच्या दोन टोकांस दोन तारा, जिभेस तिसरी. जीभ जेथे टेकेल त्या मानाने आवाजाचा वाटा पुढे जातो.

या साध्या वस्तूत एक खुबी आहे. ध्वनीची शक्ती दसपट झाली तरी आपल्या कानास तो साधारण दुप्पटच मोठा वाटतो. तेव्हा खुंटी सारखी फिरवीत असता आवाजही सारखा वाढत जावा असे वाटत असेल, तर पट्टा सर्वत्र सारखा असून चालत नाही. आवाजाच्या खुंटीचा पट्टा म्हणूनच असा केलेला असतो की अर्ध्या फेऱ्यापर्यंत एकंदर विरोधाचा दहावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक यावा आणि बाकीचा सारा पुढील अर्ध्यात यावा. त्याच्या जागी कोणी समप्रमाण पट्ट्याची खुंटी बसविली, तर ती बोटभर हलविताच घर दणाणते आणि उरलेला फेरा व्यर्थ जातो. दुकानात दोन्ही खुंट्या बाहेरून सारख्याच दिसतात. मिळेल ती बसविणारा कारागीर आणि जाणता कारागीर यांतील अंतर येथे कळते.

महाराष्ट्रात ही यंत्रे नुसती विकली जात असत असे नाही, बनतही असत. मर्फीचा कारखाना ठाण्यास होता. फिलिप्सचे रेडिओ पुण्याजवळ लोणी काळभोर येथे तयार होत. पुण्याचे नभोवाणी केंद्र १९५३ साली निघाले आणि १९५५-५६ साली त्यावरून गीतरामायण प्रसारित झाले, ते घरोघर याच खुंट्या पिळून ऐकले गेले. आता ते रेडिओ निघत नाहीत आणि त्यांचे सुटे भागही निघत नाहीत. ज्याच्यापाशी असे यंत्र आहे त्यास भाग शोधीत हिंडावे लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, तेथील दुकाने. चोरबाजारातील मटन स्ट्रीट. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, ही या तीर्थयात्रेतील स्थाने होत.

परंतु यात्रेस निघण्यापूर्वी घरी बसून रोगाचे निदान केले पाहिजे. खुंटी फिरविताच खरखर होते, ही सर्वांची तक्रार. बहुधा कारण एवढेच असते की पट्ट्यावर धूळ आणि जुन्या वंगणाची चिकटी बसलेली असते. खुंटीच्या मागील फटीतून विद्युत्-संपर्क साफ करण्याचा द्रव बेताने सोडून ती वीसपंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविली की आवाज निवळतो. पट्ट्यास पॉलिशकागद लावणे हा मात्र अत्याचार आहे. कार्बनचा थर अतिशय पातळ असतो व तो घासला की परत येत नाही. दुसरे कारण म्हणजे पट्टा खरोखर झिजलेला असणे. तेथे बदलण्यावाचून गत्यंतर नसते. तिसरे कारण मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. खुंटीच्या आधीचा कागदी कंडेन्सर जुना होऊन गळू लागतो आणि जो एकदिश प्रवाह त्याने अडवावयाचा तो पट्ट्यावर येऊन पोहोचतो. मग कालच बसविलेली कोरी खुंटीसुद्धा खरखरते. गिऱ्हाईक खुंटीमागून खुंटी बदलीत राहते आणि दोष असतो दुसरीकडेच; आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातला प्रकार.

निदान ठरल्यावर मोजमाप घ्यावे. खुंटीचा विरोध किती, पट्टा कोणत्या जातीचा, दांडा किती लांब व किती जाड, तो पूर्ण गोल आहे की एका अंगाने चपटा, आणि वीज सुरू करण्याचा खटका तिलाच जोडलेला आहे की निराळा, या पाच गोष्टी कागदावर लिहून घेतल्याखेरीज बाजारात जाऊ नये. विलायती यंत्रांचा दांडा पाव इंचाचा असतो, यूरोपीय मापाचा सहा मिलिमीटरचा. दोहोंत अंतर केवळ मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचे. पण तेवढ्याने पाव इंची दांड्यावर सहाचे बटण चढत नाही, आणि पाव इंची बटण सहाच्या दांड्यावर सैल डुलत राहते. पुष्कळदा योग्य विरोधाची खुंटी मिळते, पण तिचा दांडा निराळा निघतो. अशा वेळी निष्णात कारागीर दोन्ही खुंट्या उकलतात आणि नवीचा पट्टा जुनीच्या खोळीत बसवितात. बाहेरून पाहणाऱ्यास काही बदलल्याचे कळत नाही. दांडा जुना, बटण जुने, आतला प्राण तेवढा नवा.

लहरी निवडण्याच्या खुंटीची तऱ्हा वेगळी. तिच्या मागे एक दोरी असते. ती पितळी चाकावरून फिरत जाऊन काटा हलविते. ही दोरी तुटते किंवा सैल पडते. ती पुन्हा ओवणे अवघड नाही, पण जुनी काढण्यापूर्वी तिचे वेढे कसे होते याचे चित्र काढून न ठेविल्यास चांगला माणूस दिवसभर गुंतून पडतो. काचेची गोष्ट याहून नाजूक आहे. मुंबई, दिल्ली, कोलंबो ही जी नावे काचेवर दिसतात ती बहुधा काचेच्या मागल्या अंगास रंगाने छापलेली असतात. हौसेने ओले फडके फिरविले की धुळीबरोबर शहरेही पुसून जातात, आणि ती परत आणता येत नाहीत. एक गोष्ट जिवावरची म्हणून सांगितली पाहिजे. रोहित्राशिवाय चालणाऱ्या जुन्या यंत्रांत धातूचा सांगाडाच घरच्या विजेस जोडलेला असतो; खुंटीचा दांडाही त्याबरोबर जिवंत असू शकतो. बटण घट्ट धरणारा बारीक स्क्रू खोल बुडवून त्यावर मेण भरीत ते याचसाठी. अशा यंत्रावर शोभेकरिता धातूचे बटण चढविणे म्हणजे सापाच्या तोंडात बोट देणे होय.

आता बटणाकडे वळू. जुनी बटणे बहुधा बेकेलाइटची असतात. बेकलंडने १९०७ साली शोधलेल्या या पदार्थाचा गुण असा की तो एकदा उष्णतेने घट्ट झाला म्हणजे पुन्हा वितळत नाही. तेव्हा फुटलेले बटण वितळवून नवे ओतता येत नाही. चार बटणांपैकी एक हरवले असेल तर उरलेल्यांपैकी एकाचा रबरी साचा घ्यावयाचा, त्यात राळ ओतावयाची, मध्ये लेथवर कातलेली पितळी नळी बसवावयाची, आणि रंग मूळच्याशी जुळवावयाचा. मूळ कारखाना अस्तित्वात नाही, मूळ साचे मोडीत गेले. अशा स्थितीत यंत्रास पुन्हा कामास लावणारी एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे नक्कल.

येथे आम्ही पुन्हा विठ्ठलवाडीच्या बराकींपाशी येतो. तेथे उतरलेल्या कुटुंबांचे घर आणि उदीम दोन्ही सिंधमध्ये राहिले होते. सिंधी व्यापाऱ्यास ध्वनियंत्रे अपरिचित नव्हती. ‘शिकागो रेडिओ’ या नावाने काँग्रेसच्या अधिवेशनांस ध्वनिवर्धक पुरविणारे मोटवाने घराणे सिंधचेच. त्यांचा धंदा १९०९ साली सिंधमध्ये सुरू होऊन पुढे मुंबईस आला, आणि १९४२ साली उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला त्या प्रकरणात नानक मोटवाने यांना अटक झाली होती. पण मोटवाने फाळणीपूर्वीच मुंबईत स्थिरावले होते. बराकीतल्या माणसापाशी ना नाव होते ना पेढी. बाजारात खपणारी वस्तू उघडून पाहावयाची, आपल्या हातून काय होते ते करून पाहावयाचे, आणि स्वस्तात विकावयाचे, हा मार्ग निर्वासिताने धरला असेल तर त्यात आश्चर्य ते काय? त्या मालावर दुसऱ्याचे नाव घातले तेथे लबाडी झाली, ती लबाडीच म्हटली पाहिजे. पण हात जे शिकला ते शिकणे काही खोटे नव्हते.

याला महाराष्ट्रात एक जुना दाखला आहे. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार. तलवारी-भाल्यांस धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात शस्त्रांचे दिवस गेले तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी गवयांची वाद्ये दुरुस्त करावयास घेतली. दुरुस्त करता करता ती घडविण्याची विद्या हस्तगत केली, आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. आज शंभर वर्षांचा तंबोरा मिरजेस नेला तर त्याची खुंटी नवी होऊन येते, आणि ती खुंटी ‘नकली’ आहे असे कोणी म्हणत नाही. कारण घडविणाऱ्यांची परंपरा तेथे जिवंत आहे. रेडिओची परंपरा तुटली. म्हणून त्याची नवी खुंटी संशयास पात्र होते. दोष वस्तूत नाही, मधल्या खंडात आहे, आणि तो खंड दुरुस्ती करणाराच भरून काढू शकतो.

कोणी म्हणेल की हा सारा खटाटोप कशासाठी? गाणी तर अंकीय रूपात खिशातल्या यंत्रावर मिळतात. यास आमचे उत्तर असे की ती गाणी तेथपर्यंत आपोआप गेलेली नाहीत. कोणीतरी जुनी तबकडी यंत्रावर ठेविली, वेग जुळविला, आवाजाची पातळी ठरविली, तेव्हा ती गेली. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या मंडळींनी तबकड्या जमविल्या, त्यांची माहिती लिहून ठेविली, हे मोठे कार्य झाले. परंतु न मुद्रिलेल्या, न तपासलेल्या तबकड्या अद्याप घरोघर आहेत, आणि त्या वाजवून पाहण्यास नीट चालणारी यंत्रे लागतात.

मात्र नक्कल वंद्य ठरावयाची असेल तर तिने काही नियम पाळले पाहिजेत. साफ करून भागत असेल तेथे बदलू नये. बदललेला जुना भाग फेकू नये. पुडीत बांधून यंत्राच्या पोटातच ठेवावा, म्हणजे पुढच्या कारागिरास मूळ कसे होते ते कळेल. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, काय बदलले, कोणत्या वर्षी बदलले, कोणी बदलले याची चिठ्ठी झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. तीच राळेची खुंटी चिठ्ठीवाचून विकली तर फसवणूक, आणि चिठ्ठीसह बसविली तर जीर्णोद्धार. उल्हासनगरच्या थट्टेचे उत्तर या चिठ्ठीत आहे. हुबेहूब करण्याची शक्ती तेथे आहेच. तिने आपले नाव लपविण्याचे सोडावे आणि अभिमानाने लिहावे, एवढेच हवे.

सुशिक्षित कुटुंबांकडे आमचे मागणे थोडके आहे. आजोबांचा रेडिओ किंवा ग्रामोफोन मोडीत घालण्यापूर्वी त्याची सैल झालेली बटणे एका डबीत एकत्र ठेवा. सर्वांत आधी हरवतात ती तीच. जुन्या वस्तीतील ज्या म्हाताऱ्या कारागिराने आयुष्यभर ही यंत्रे उघडली, त्याच्याकडे घरातल्या एखाद्या मुलास चार दिवस बसवा. त्याच्या हातातली विद्या कोणत्याही पुस्तकात पुरी उतरलेली नाही, आणि औद्योगिक शिक्षणाच्या शाळांनी त्या हातांस आपल्या वर्गात बोलावले तर विद्यार्थ्यांचे त्यात हितच होईल. पट्टा मिळेल, दोरी मिळेल, बटणही ओतता येईल. पण कोणता पट्टा कोठे बसवावा हे सांगणारा एकदा गेला की त्याची नक्कल विठ्ठलवाडीसही मिळणार नाही.